दहा डोकी

वेंडेल प्रोकॉपने कॉलेजात इंग्रजी हा मुख्य विषय घेतला, तेव्हा टॅमरॅक गावाला पहिला प्रश्न पडला तो हा, की मग इतकी वर्षं हा माणूस बोलत काय होता.

प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. वेंडेलचा जन्म टॅमरॅकचा, शाळा टॅमरॅकची, बायको टॅमरॅकची. ज्या भाषेत तो झोपेतसुद्धा बडबडतो, तीच भाषा शिकायला पन्नाशी उलटल्यावर बर्फातून गाडी हाणत परगावच्या कॉलेजात जाणारा माणूस गावाने आजवर पाहिला नव्हता. कागदाचा कारखाना बंद पडला तेव्हा सरकारने बेकारांची फी भरायची तयारी दाखवली. मग कुणी वेल्डिंग घेतलं, कुणी घरं तापवायच्या भट्ट्या आणि थंड करायची यंत्रं दुरुस्त करायला शिकलं, दोघं दांडगे पुरुष तर म्हाताऱ्यांना अंघोळ घालायचं प्रशिक्षण घेऊन आले. वेंडेलने इंग्रजी म्हटल्यावर सरकारी बाईने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या हातांकडे पाहिलं, आणि म्हणाली की हा धंदा आमच्या यादीत नाही. वेंडेल म्हणाला की हा धंदा नाहीच. बाई म्हणाली, तेच म्हणतेय मी.

तेव्हापासून तो पदरमोड करून शिकत होता. सकाळी शेतकरी संघाच्या गोदामात खताची पोती उचलणारी गाडी चालवायची आणि दुपारी कॉलेज. एका सत्रात एखादा विषय, फार तर दोन. त्यामुळे दोन वर्षांच्या कॉलेजात वेंडेलचं हे पाचवं वर्ष होतं. हे गणित गावात चवीने सांगितलं जाई.

दोन वर्षांचं कॉलेज ही काय चीज आहे ते ज्यांनी फक्त मोठ्या विद्यापीठांच्या हिरवळीचे फोटो पाहिलेत त्यांना कळायचं नाही. पहिली दोन वर्षं इथे स्वस्तात काढायची आणि उरलेली दोन करायला मोठ्या विद्यापीठात जायचं, असा तो व्यवहार. म्हणजे मोठ्या घरात शिरण्याआधी बूट पुसायची जागा. बूट पुसता पुसताच बहुतेकांचा दम संपतो, आणि ही गोष्ट आतल्यांना ठाऊक असते म्हणूनच पायपुसणं एवढं लांबलचक ठेवलेलं असतं.

वेंडेलचा दम संपला नव्हता. तीस वर्षं त्याने कोरा कागद बनवला होता. इतके मैल कागद त्याच्या डोळ्यांसमोरून गेला आणि त्यावर पुढे काय छापलं जातं ते एकदाही बघायला मिळालं नाही, ही गोष्ट कारखाना बंद झाल्यावर त्याला अचानक झोंबली. एवढंच कारण. त्याला गावच्या शाळेत मास्तर व्हायचं होतं. शहरातल्या विद्यापीठाने त्याला येत्या शरद ऋतूत थेट तिसऱ्या वर्षात घ्यायचं कबूल केलं होतं. अट एकच: मे महिन्यापर्यंत दोन वर्षांची पदवी पूर्ण हवी. यंदा जमलं नाही तर जागा गेली, शिवाय त्याने सुरुवातीला केलेले विषय शिळे होऊन फेकून दिले जाणार होते. विद्या शिळी होते हा शोध ज्याने लावला त्याला भेटायची वेंडेलची फार इच्छा होती.

राहिला होता एकच विषय. ब्रिटिश साहित्य, भाग दुसरा.

डिसेंबरात पॉलेट रिंकरबाईंनी त्याला वर्गाबाहेर थांबवलं. रिंकरबाई म्हणजे या विषयाच्या शिक्षिका. तीन कॉलेजांत तुकड्या-तुकड्याने शिकवायच्या, आणि त्यांचं खरं ऑफिस म्हणजे त्यांची मोटार. मागच्या सीटवर निबंधांचे गठ्ठे, पुढच्या सीटवर जेवणाचा डबा आणि डॅशबोर्डवर तीन कॉलेजांचे तीन पार्किंग पास.

"पाचच नावं आली आहेत," त्या म्हणाल्या. "दहा डोकी नसतील तर वर्ग रद्द."

"रद्द म्हणजे पुढच्या सत्रात?"

"म्हणजे दोन वर्षांनी. तोवर मी तरी इथे असेन का, कोण जाणे."

वेंडेल डीनसाहेबांकडे गेला. ब्रेंट लुडके हा त्याच्याहून पंधरा वर्षांनी लहान, दात अतिशय पांढरे, आणि प्रत्येक वाक्याआधी समोरच्याचं नाव घ्यायची त्याला कुठल्याशा शिबिरात सवय लावून दिलेली. तो म्हणाला, वेंडेल, मला तुमची तळमळ कळते. वेंडेल, माझ्या हातात काही नाही. वेंडेल, तुम्ही वेल्डिंगचा विचार केला आहे का?

घरी येऊन वेंडेलने बायकोला सांगितलं. लोर्ना दातांच्या दवाखान्यात काम करायची, त्यामुळे लोकांनी तोंड उघडावं अशी तिची साधी अपेक्षा असे.

"पाच माणसं हवीत ना? मग माग. निम्म्या गावाचा बर्फ काढतोस तू."

वेंडेलने कानांवर हात ठेवले. हे मात्र समजून घ्यायला हवं. वेंडेलच्या गाडीला पुढून लोखंडी फाळ लावलेला होता. रात्रभर बर्फ पडला की उजाडायच्या आत तो सगळ्या आळीच्या गॅरेजांपासून रस्त्यापर्यंतच्या वाटा मोकळ्या करून टाकी. कुणी सांगितलेलं नसे, तो कुणाकडून पैसे घेत नसे. मग केव्हातरी त्याच्या पायरीवर चांदीच्या कागदात गुंडाळलेल्या लिंबाच्या वड्या सापडत, नाहीतर खिमा-बटाट्याचं भाजलेलं अख्खं पातेलं. कुणी आभार मानत नसे आणि कुणी उल्लेख करत नसे. टॅमरॅकमध्ये माणूस दारू पिऊन चर्चमध्ये पडला तर लोक त्याला माफ करतात, पण केलेले उपकार बोलून दाखवणाऱ्याला तीन पिढ्या विसरत नाहीत.

"मी असं कसं म्हणू?" वेंडेल म्हणाला.

"'मला मदत कर' असं म्हण. तीन शब्द आहेत. इंग्रजीत शिकवले नाहीत का?"

पहिल्यांदा तो शेजारच्या ऑर्व्हिल ट्वेटकडे गेला. ऑर्व्हिल मासेमारीचं आमिष विकायचा, घरात जिवंत माशांच्या टाक्या, आणि सल्ला द्यायला तो त्या माशांइतकाच सतत तोंड उघडून तयार. वेंडेलने कॉफी घेतली. थंडीबद्दल बोलणं झालं. तळ्यावरचा बर्फ गाडी पेलण्याइतका जाड झाला का, यावर बोलणं झालं. दुसरी कॉफी झाली. मग वेंडेल उठला, कोट चढवला, टोपी घातली, दाराच्या मुठीवर हात ठेवला आणि तिथल्या रीतीप्रमाणे मूळ मुद्द्याला हात घातला.

"तो आमचा वर्ग," तो मुठीकडे बघत म्हणाला. "रिकामाच पडलाय म्हणे."

"असं."

"दहाजण लागतात म्हणे."

"हं," ऑर्व्हिल म्हणाला. "अवघड आहे."

त्यानंतर दार उघडं ठेवून, घरातली सगळी ऊब बाहेर सोडत ऑर्व्हिलने अर्धा तास सल्ले दिले. डीनला ताजे मासे नेऊन दे. मेलेल्या माणसांची नावं घाल, निवडणुकीत चालतात तर इथे का नाही. त्या रिंकरबाईंना सांग की तुला मोटारीत बसवूनच शिकवा. नाहीतर वेल्डिंग घे. वेंडेल मान डोलवत राहिला आणि हात हलवत घरी आला. काही जमलं नाही, असं त्याने लोर्नाला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ऑर्व्हिल कॉलेजच्या नावनोंदणीच्या खिडकीपुढे उभा होता.

तिथे त्याला आधी चाचणीला बसवलं. संगणकाने प्रश्न विचारले, ऑर्व्हिलने उत्तरं दिली, आणि संगणकाने निकाल दिला की या गृहस्थाला इंग्रजी वाचनाच्या पूर्वतयारीची गरज आहे, त्याला एकदम साहित्याच्या वर्गात सोडणं त्याच्या हिताचं नाही. ऑर्व्हिल घरी न जाता थेट वेंडेलच्या गोदामात आला.

"साठ वर्षं मी या भाषेत शिव्या देतोय," तो म्हणाला. "एकही कुणाला कळली नाही असं झालं नाही."

रिंकरबाईंनी विशेष परवानगीची सही दिली. सही घ्यायला वेंडेल त्यांच्यामागे दोन कॉलेजं फिरला आणि शेवटी पेट्रोलपंपावर त्यांच्या मोटारीच्या टपावर कागद ठेवून ती मिळाली. सही डीनने मानली, पण ऑर्व्हिलला गोवर झाला होता का याचा दाखला मागितला. ऑर्व्हिलला गोवर झाल्याचं फक्त त्याच्या आईला माहीत होतं, आणि ती वारली होती. मग त्या वयात ऑर्व्हिलने दंडात लहान मुलांची लस टोचून घेतली. दंड सुजला. तो कशामुळे सुजला हे त्याने वेंडेलला सांगितलं नाही, आणि वेंडेलनेही विचारलं नाही. त्या गावात मैत्री अशीच असते. एकमेकांकडे न बघण्यावर ती टिकते.

ऑर्व्हिलमागून गुद्रुन ओसेनबाई आल्या. वय त्र्याऐंशी. चर्चमध्ये चाळीस वर्षं ऑर्गन वाजवून बोटं वाकडी झालेल्या, पण जीभ सरळ राहिलेली. वेंडेल त्यांच्याकडे गेलाच नव्हता. त्यांना त्या बातमीचा वास लागला होता. वेंडेलने त्यांना आपल्या गाडीतून कॉलेजात नेलं.

खिडकीवर रोंडा नावाची बाई बसायची. काचेला फक्त खालून एक फट होती, त्यामुळे प्रत्येक विद्यार्थ्याला ज्ञानमंदिरात कमरेत वाकूनच शिरावं लागे. रोंडा नाव विचारी, पत्ता विचारी आणि शेवटी विचारी, हा विषय कशासाठी घेताय?

"याच्यासाठी," ओसेनबाईंनी वेंडेलकडे अंगठा केला. "हा माझा बर्फ काढतो. याची पदवी अडली आहे. ती अडली नसती तर मी या थंडीत घराबाहेर पाऊल टाकलं नसतं."

वेंडेल लाजेने मेला. मागे रांगेत तीन माणसं उभी होती.

रोंडाने संगणकात काहीतरी टिपलं. मग म्हणाली की आजी, तुमचं वय झालंय तेव्हा तुम्हाला फी माफ. बाई म्हणाल्या, उपकार. रोंडा म्हणाली, फी माफ असलेलं डोकं दहात धरत नाहीत.

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही वर्गात बसू शकता. फक्त तुम्ही तिथे आहात असं आम्ही मोजत नाही."

ओसेनबाईंनी पाकीट काढलं आणि पूर्ण फी फटीतून आत सारली. रोंडाने ती परत बाहेर सारली. या वयाच्या माणसाकडून पैसे घ्यायची संगणकाला मुभा नव्हती. पैसे तीनदा आत गेले आणि तीनदा बाहेर आले. मग ओसेनबाई ताठ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "असं कर. माझं वय अठ्ठावन्न लिही."

रोंडाने काचेतून त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. पण तिच्याकडे जन्मतारीख होती. सरकारपाशी माणसाची एवढी एकच गोष्ट कायम पक्की असते, कारण तिच्यात त्या माणसाचं काहीच कर्तृत्व नसतं.

परत येताना गाडीत बाई एवढंच म्हणाल्या, "नवरा गेल्यापासून मला मोजत नाहीत हे ठाऊक होतं. असं तोंडावर सांगतात हे नव्हतं ठाऊक."

तरी वर्गात बसायचंच असं त्यांनी ठरवलं, आणि घरोघर फोन करायला बसल्या. इथून पुढे प्रकरण वेंडेलच्या हातात राहिलं नाही. लोर्नाची बहीण जोलीन शाळेची बस चालवायची. तिने नाव दिलं. गाड्या ओढून नेणाऱ्या गॅरेजचे बुखहोल्ट्झ बंधू आले, त्यातल्या धाकट्याने लस घ्यायला तत्त्वतः नकार दिला, थोरल्याने त्याला तत्त्वतः कॉलर धरून दवाखान्यात नेलं. रविवारी पाद्रीबुवांनी आजारी माणसांच्या नावांपाठोपाठ, फुलांच्या वर्गणीच्या आधी, वेंडेलच्या वर्गाचा उल्लेख केला. प्रार्थना कुणासाठी चालली आहे ते न कळल्यामुळे पुढचे दोन दिवस लोक लोर्नाला दबक्या आवाजात विचारत होते की वेंडेलला नेमकं काय झालंय आणि डॉक्टर किती दिवस देतात. तिच्या पायरीवर पाच पातेली आली. त्यानंतर मंगळवारच्या बोलिंगची अख्खी टोळी खिडकीवर गेली.

वेंडेल त्या दिवशी तिथेच भिंतीला टेकून उभा होता, कारण कुणाचं काही अडलं तर हाताशी असावं. एकेकजण फटीपाशी वाकत होता. रोंडा विचारत होती, विषय कशासाठी घेताय? आणि एकेकजण कानाच्या पाळ्या लाल करून, वेंडेलकडे अजिबात न बघता सांगत होता:

"असंच. आवड म्हणून."

"हौस आहे."

"हिवाळ्यात करायचं काय दुसरं?"

थोरला बुखहोल्ट्झ, ज्याने शाळा सोडल्यापासून गाड्यांच्या पार्टांच्या याद्यांखेरीज काही वाचलं नव्हतं, तो म्हणाला, "कवितेचं मला पहिल्यापासूनच वेड."

कुणीही वेंडेलचं नाव घेतलं नाही. आपण मदतीला आलोय हे त्याच्या कानावर पडून त्याच्या मनाला ओझं होऊ नये, म्हणून ती सगळी दणकट माणसं एकामागून एक धडधडीत खोटं बोलत होती. वेंडेलला भरून आलं. तो पाण्याच्या नळाकडे गेला आणि तहान नसताना बराच वेळ पाणी पीत राहिला. त्याच्या आयुष्यातला तो फार चांगला दिवस होता, म्हणून तो इथे नीट सांगून ठेवला.

वर्गाला बावीस नावं झाली. न मोजलेल्या ओसेनबाई वेगळ्या.

जानेवारीत सत्र सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात डीनचा फोन आला. वेंडेल, जरा येऊन जाता का? वेंडेल नवा शर्ट घालून गेला. अभिनंदनाला गेल्यासारखा.

आणि डीनने अभिनंदनच केलं. म्हणाला, वेंडेल, कॉलेजच्या इतिहासात या विषयाला एवढी गर्दी झाली नव्हती. वेंडेल, वरच्या लोकांनी याची दखल घेतली आहे. मग तो खुर्चीत पुढे सरकला.

"वेंडेल, सतराजणांनी सांगितलंय की ते आवड म्हणून येतायत. पदवीसाठी तुम्ही पाचच."

"बरं."

"निम्मे किंवा त्याहून जास्त लोक हौसेखातर येत असतील, तर नियमाने तो हौशी वर्ग होतो. म्हणजे वर्ग होणार, धूमधडाक्यात होणार. फक्त त्याला क्रेडिट नसेल, पदवीत तो धरला जाणार नाही."

वेंडेलला समजायला वेळ लागला. हौशी वर्ग तळघरात भरत. गोधड्या शिवणं, गळाला पिसं बांधणं, पाठदुखीचे व्यायाम.

"ते आवड म्हणून आलेले नाहीत," तो म्हणाला.

"त्यांनी स्वतः सांगितलंय."

"ते खोटं बोलले."

"का?"

याला वेंडेलपाशी उत्तर होतं, पण ते डीनच्या खोलीत मावणारं नव्हतं. "शिष्टाचार म्हणून," तो म्हणाला.

"वेंडेल, संगणकात शिष्टाचाराचा रकाना नाही."

"एकीने खरं सांगितलं होतं. ओसेनबाईंनी."

डीनने पडद्यावर पाहिलं. "त्यांना मोजलेलं नाही," तो म्हणाला.

मग सतराजणांना बाहेर काढा, वेंडेल म्हणाला. त्यावर डीनने समजावलं की मग पाचच उरतात, आणि पाचांवर वर्ग रद्द होतो. त्यांची कारणं बदला, वेंडेल म्हणाला. मुदत संपली होती. मग तुम्ही शहरातल्या विद्यापीठाला फोन करा, वेंडेल म्हणाला. डीनने आनंदाने फोन केला. तिथल्या बाईने आनंदाने ऐकून घेतलं. पुढच्या वर्षी नव्याने अर्ज करा म्हणाली, आणि शिळे झालेले विषय तेवढे पुन्हा करून घ्या.

शिकलेल्या लोकांना 'नाही' म्हणताना इतका आनंद कसा होतो, हे वेंडेलला कधी उमगलं नव्हतं. कारखान्याच्या मॅनेजरने बंदची नोटीस लावली तेव्हा निदान त्याचा चेहरा तरी पडला होता.

"आणि एक," डीन म्हणाला. "हौशी वर्गाचं मानधन कमी असतं, म्हणून मिस रिंकर यांनी नकार कळवला आहे. त्यांनी दुसरीकडे काम धरलंय. तेव्हा आम्हाला वाटलं, वेंडेल, तो वर्ग तुम्हीच का घेऊ नये?"

"मी?"

"हौशी वर्ग शिकवायला पदवी लागत नाही."

वेंडेलने डीनच्या दातांकडे पाहिलं. तिथे विनोदाचा मागमूस नव्हता. हा माणूस मनापासून बोलत होता. जो विषय शिकल्याशिवाय वेंडेलला पदवी नाही, तो विषय वेंडेलने शिकवावा. वेंडेलने विचारलं की शिकवला तर तो मी शिकलो असं धराल का? डीन दिलखुलास हसला आणि म्हणाला, वेंडेल, तुमची विनोदबुद्धी वर्गाला फार आवडणार आहे.

बाहेर पार्किंगमध्ये रिंकरबाई सामान भरत होत्या. त्यांनी तिसरा पास डॅशबोर्डवरून खरवडून काढला होता.

"तुमचं नुकसान केलं मी," वेंडेल म्हणाला.

"तू कुठे केलंस? पाच असते तर पाचांवर बुडालो असतो, बावीस झाले तर बावीसांवर बुडालो. माणसं कमी असोत की जास्त, वेंडेल, यांना कारणं कमी पडत नाहीत." त्यांनी फळ्यावरच्या पेनांचा डबा त्याच्या हातात दिला. "निळी तेवढी चालतात. बाकीची वाळली आहेत. मी आशेने ठेवली होती."

घरी आल्यावर लोर्ना म्हणाली, "नको म्हणून सांग. आणि त्या सगळ्यांना खरं काय ते सांग."

"काय सांगू? तुमच्या भलेपणाने माझी पाच वर्षं बुडवली म्हणून?"

"हो. हेच. नुसतं तोंड उघड एकदा."

"ऑर्व्हिलचा दंड अजून सुजलेला आहे, लोर्ना."

तीही त्याच गावची होती. हे त्या सतराजणांना कळलं असतं तर त्यातल्या एकानेही उरलेल्या आयुष्यात वेंडेलच्या नजरेला नजर दिली नसती. आणि त्याहून वाईट म्हणजे ते भरपाई करायला निघाले असते. टॅमरॅकची मदत काय करू शकते हे त्याने पाहिलं होतं. टॅमरॅकची भरपाई बघण्याइतकं आयुष्य त्याच्यापाशी उरलं नव्हतं. म्हणून त्याने गावात सांगितलं की बढती मिळाली, आता मीच शिकवणार. गावाला हे पटकन पटलं. पाच वर्षं शिकला म्हटल्यावर मास्तर होणारच. ऑर्व्हिलने तर सांगत सुटायला सुरुवात केली की आपण पहिल्यापासून म्हणत होतो, मधली पदवी वगैरे सगळी भानगड आहे.

पदवीवाल्या उरलेल्या चौघांनी नावं काढून घेतली. त्यांना गावकऱ्यांची भीड नव्हती.

पहिल्या दिवशी तळघरातल्या खोलीत सगळे वेळेच्या आधी येऊन बसले होते. बूट दाराशी ओळीने काढलेले, त्याखाली वितळलेल्या बर्फाची थारोळी. बुखहोल्ट्झ बंधूंनी केस ओले करून भांग पाडला होता. पलीकडच्या खोलीतून पाठदुखीवाल्यांच्या कण्हण्याचा आवाज येत होता. ओसेनबाईंनी लिंबाच्या वड्यांचा डबा मास्तरच्या टेबलावर ठेवला आणि जाऊन पहिल्या बाकावर, कुणी मोजत नसताना, ताठ बसल्या.

वेंडेल फळ्यापुढे उभा राहिला. पाच वर्षं त्याने ही जागा समोरून पाहिली होती. इथून खोली वेगळी दिसत होती, सगळे चेहरे एकदम आपल्याकडेच. त्यांच्यातल्या प्रत्येकाच्या गॅरेजची उतरण, प्रत्येकाच्या दारातला खड्डा त्याला अंधारातसुद्धा ठाऊक होता.

"मास्तर," ऑर्व्हिलने हात वर केला, न सुजलेला. "परीक्षा असते का हो यात?"

"नाही," वेंडेल म्हणाला. "यात काहीच नसतं."

"वा," थोरला बुखहोल्ट्झ मनापासून म्हणाला.

हजेरीचा कागद रोंडाने संगणकातून काढून दिला होता. वेंडेल आडनावांच्या क्रमाने वाचायला लागला. बुखहोल्ट्झ, दोघेही. हजर, हजर. जोलीन हजर. बोलिंगची मंडळी एकेक करून हजर, काहीजण शाळेतल्यासारखे उभे राहून. अर्ध्यावर येऊन तो थांबला. चौघांची नावं कागदावरून गेली होती, पण त्याचं नाव काढायला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्याने स्वतःही सांगितलं नव्हतं. ते तिथे अजून होतं, रीतसर छापलेलं, विद्यार्थी म्हणून.

"पुढे वाचा की," ऑर्व्हिल म्हणाला. "माझा नंबर येऊ दे."

वेंडेलने घसा साफ केला.

"वेंडेल प्रोकॉप," त्याने पुकारलं.

वर्गात हसू फुटलं. हा काय उभा आहे समोर, कुणीतरी मागून म्हणालं, आणि पुन्हा हसले. वेंडेल थांबला. त्याने वर्गावरून नजर फिरवली, अगदी मागच्या बाकापर्यंत, उत्तर यायची पुरेशी वाट पाहिली. हळूहळू हसणं थांबलं. पहिल्या बाकावरच्या ओसेनबाई तेवढ्या हसल्या नव्हत्या. त्या त्याच्याकडे टक लावून बघत होत्या.

त्याने डब्यातलं निळं पेन काढलं आणि नावापुढे 'गैरहजर' असं लिहिलं.

"ट्वेट, ऑर्व्हिल," तो म्हणाला.